लंडनमध्ये दुपारचा चहा कुठे घ्यावा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आईवडील, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी आणि आठ-दहा दिवसांच्या सहलीवर आलेली कुटुंबे, या सर्वांच्या यादीत टॉवर ब्रिज आणि बकिंगहॅम पॅलेसच्या जोडीने ‘एकदा आफ्टरनून टी घ्यायचा’ ही नोंद हमखास असते. मात्र जागा किती आधी राखून ठेवायची, कपडे कोणते घालायचे, शाकाहारी माणसाच्या पुढ्यात काय येणार आणि बिल किती होणार, याची नीट कल्पना नसल्यामुळे बरेच जण शेवटच्या दिवशी मिळेल तिथे शिरतात आणि पैसे खर्चूनही मनासारखा अनुभव न घेता परत येतात. थोडी पूर्वतयारी केली तर ही दुपार फार सुंदर होऊ शकते.

लंडनमध्ये दुपारच्या चहाची ठिकाणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी खरोखर चांगली आहेत. त्यामुळे सर्वांत उत्तम कोणते, या प्रश्नात अडकून पडण्यापेक्षा आपल्याबरोबर कोण येणार आहे आणि त्या माणसाला काय सोयीचे पडेल, हे आधी ठरवावे. गुडघे दुखणारी आजी, अंडे न खाणाऱ्या सासूबाई, दोन तास एका जागी न बसणारे लेकरू आणि लग्नाची पंचविशी साजरी करणारे जोडपे, या सर्वांना एकच जागा मानवणार नाही.

आधी हा प्रकार समजून घ्यावा

आफ्टरनून टी हे बैठे खाणे आहे आणि त्याला दीड ते दोन तास लागतात. तीन थाळ्यांचा एक उभा स्टँड मेजावर येतो. सर्वसाधारणपणे खालच्या थाळीत कडा काढलेली, बोटभर रुंदीची सँडविचेस असतात, मधल्या थाळीत कोमट स्कोन आणि वरच्या थाळीत छोटे केक व पेस्ट्री असतात. सोबत प्रत्येकाच्या आवडीचा चहा स्वतंत्र किटलीत मिळतो. स्कोन म्हणजे मैद्याचा, किंचित गोडसर, वरून खरपूस आणि आतून भुसभुशीत असा छोटा गोल पाव. त्याच्याबरोबर स्ट्रॉबेरीचा जॅम आणि क्लॉटेड क्रीम देतात. हे क्रीम आपल्याकडच्या म्हशीच्या दुधावरच्या दाट सायीच्या अगदी जवळचे असते, कारण तेही दूध किंवा मलई मंद तापवून आणि सावकाश निववून वर आलेल्या थरापासून बनते. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीममध्ये स्निग्धांश किमान ५५ टक्के असावा लागतो, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या दाटपणाची कल्पना येईल.

एवढे सगळे खायचे नसेल तर ‘क्रीम टी’ मागावा. त्यात फक्त चहा, स्कोन, जॅम आणि क्रीम येते, खर्चही बराच कमी होतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उठता येते. ज्यांना ही चव नुसती चाखून पाहायची आहे, त्यांना माझ्या मते तेवढे पुरेसे आहे. शॅम्पेनचा पेला जोडलेला प्रकारही सगळीकडे असतो. दर सांगताना काही ठिकाणी तोच आधी पुढे केला जातो, म्हणून साधा प्रकार हवा असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

या प्रथेचा आणि मुंबईचा एक जुना धागा आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगान्झा हिचा विवाह १६६२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला आणि त्या विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांकडे आंदण आले. तिला चहाची सवय माहेरीच लागलेली होती. लंडनच्या कॉफीगृहांत चहा तोवर विकला जाऊ लागला होता. पण राजदरबारातल्या स्त्रियांमध्ये तो रुजवण्याचे श्रेय तिला दिले जाते. दुपारच्या खाण्याची पद्धत मात्र पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी पडली. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या सातव्या डचेस ॲना यांना मध्यान्हीचे हलके खाणे आणि रात्री आठच्या सुमाराचे जेवण यांच्यामधला वेळ काढणे जड जाऊ लागले, तेव्हा त्या आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी आणि केक मागवू लागल्या, मग मैत्रिणींना बोलावू लागल्या, आणि तो परिपाठ उमरावांच्या घरांतून हॉटेलांत पोहोचला, असे सांगतात.

दिवस आणि वेळ

शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळावा. मंगळवार ते गुरुवार या दिवसांत दर काही ठिकाणी थोडे कमी असतात, गर्दी कमी असते आणि वाढणाऱ्या मंडळींना आपल्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. वेळ निवडताना भारतीय पोटाचाही विचार करावा. साडेतीनला भरपेट सँडविच आणि केक खाल्ल्यावर रात्री जेवण जात नाही आणि रात्री अकराला भूक लागते. त्यामुळे दीड वाजताची बैठक घेऊन तेच दुपारचे जेवण मानणे आपल्या लोकांना अधिक सोयीचे पडते. सकाळची न्याहारी मात्र त्या दिवशी हलकी ठेवावी.

ऋतूचाही संबंध आहे. डिसेंबरात लंडनमध्ये सूर्य चारच्या आधीच मावळतो. काचेच्या छताखाली किंवा बागेशेजारी बसायचे असेल तर त्या दिवसांत दुपारी लवकरची बैठक घ्यावी. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे तेव्हा संध्याकाळी साडेपाचची बैठकही छान वाटते आणि तीच बहुधा सहज मिळते. नाताळच्या आधीचे चार-पाच आठवडे हॉटेले अतिशय सुंदर सजवलेली असतात आणि त्याच काळात जागा मिळणे सर्वांत कठीण असते. आणखी एक दिवस आपल्या लोकांच्या ध्यानात राहत नाही: ब्रिटनमध्ये मातृदिन मे महिन्यात नसून ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी, म्हणजे बहुतेक वेळा मार्च महिन्यात येतो. त्या रविवारी आयत्या वेळी कुठेही जागा मिळण्याची आशा धरू नये.

जागा कशी निवडावी

पहिला मान पिकॅडिलीवरच्या रिट्झ हॉटेलचा. सीझर रिट्झ यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या या हॉटेलातील ‘पाम कोर्ट’ हा दालनाचा भाग दोन-तीन पायऱ्या चढून गेल्यावर लागतो. आरसे, सोनेरी नक्षी, उंच फुलदाण्या आणि पियानो, असा सगळा जुना थाट तिथे टिकवून ठेवला आहे. बैठका सकाळी साडेअकराला सुरू होतात आणि शेवटची संध्याकाळी साडेसातला असते. दिवसभरात पाच तुकड्या बसतात. त्यामुळे वेळ काटेकोरपणे पाळली जाते आणि पुढच्या तुकडीसाठी उठावे लागते, हे मनाशी धरून जावे. पुरुषांना कोट आणि टाय येथे सक्तीचा आहे, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. ज्यांना लंडनचा झगमगाट एकदाच आणि पुरेपूर पाहायचा आहे, नटूनथटून जाण्याची हौस आहे आणि वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असे निमित्त आहे, त्यांनी रिट्झ निवडावे. निवांत गप्पा मारायच्या असतील तर मी दुसरीकडे जाण्याचा सल्ला देईन.

रिट्झपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर १८१, पिकॅडिली येथे फोर्टनम अँड मेसन हे दुकान आहे. ते १७०७ पासून चालू आहे आणि चहाच्या बाबतीत लंडनमधले हे सर्वांत भरवशाचे नाव म्हणावे लागेल. चौथ्या मजल्यावरच्या ‘डायमंड ज्युबिली टी सलॉन’चे उद्घाटन २०१२ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी केले. लिफ्ट आहे, खुर्च्या बसायला आरामशीर आहेत, मेजांमध्ये पुरेसे अंतर आहे आणि पियानोचा आवाज बोलण्याच्या आड येत नाही. वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर माझी पहिली पसंती हीच. येथे गोड फारसे न चालणाऱ्यांसाठी खाऱ्या पदार्थांचा चहाही मिळतो, ज्यात स्कोनसुद्धा खारेच असतात. मधुमेह असणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा मोठा आधार वाटतो. चहाची यादी लांबलचक असते आणि विचारले तर समजावून सांगणारे कर्मचारी असतात. वर जाण्याआधी तळमजल्यावर चहाचे डबे रचून ठेवलेला विभाग पाहावा. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर १९६४ मध्ये बसवलेले घड्याळ आहे. तासाचा ठोका पडला की श्री. फोर्टनम आणि श्री. मेसन यांच्या छोट्या प्रतिकृती दारांतून बाहेर येऊन एकमेकांना अभिवादन करतात. मुले बरोबर असतील तर तासाला पाच मिनिटे कमी असताना समोरच्या पदपथावर उभे राहावे.

ज्यांना दिवाणखान्यासारखी घरगुती ऊब हवी आहे त्यांनी आल्बमार्ल रस्त्यावरचे ब्राउन्स हॉटेल पाहावे. १८३७ मध्ये, म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, ते सुरू झाले. लाकडी तावदानांच्या भिंती, शेकोटी आणि खोल सोफे असलेल्या ‘ड्रॉइंग रूम’मध्ये चहा देतात. मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेले रुडयार्ड किपलिंग लंडनला आले की या हॉटेलात उतरत असत. पावसाळी, थंड दुपारी ही जागा फार सुखावते. मात्र सोफे खोल असल्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांसाठी सरळ पाठीची खुर्ची आधीच मागून ठेवावी.

ब्राउन्सप्रमाणेच मेफेअर या भागात असलेल्या ‘क्लॅरिजेस’ हॉटेलात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपबशा आहेत आणि त्या इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की छायाचित्रावरून जाणकार लगेच जागा सांगतात. रिट्झच्या तुलनेत येथला थाट अधिक संयत आहे. स्ट्रँडवरच्या सॅव्हॉयमध्ये, जे १८८९ मध्ये सुरू झाले, काचेच्या घुमटाखाली चहाचे दालन आहे. हॉटेल थेम्सजवळ असले तरी बसल्या जागेवरून नदी दिसत नाही, म्हणून नदीच्या ओढीने तिथे जाऊ नये. ऑक्सफर्ड सर्कसजवळचे ‘लँगम’ हे १८६५ चे हॉटेल बीबीसीच्या इमारतीसमोर आहे आणि खरेदीच्या दिवशी सोयीचे पडते. व्हिक्टोरिया स्थानकाजवळचे ‘गोरिंग’ १९१० पासून एकाच कुटुंबाकडे आहे, त्याला मागे स्वतःची बाग आहे, आणि बकिंगहॅम पॅलेस पाहून थकलेल्या पायांना ते जवळ पडते.

तरुण मंडळींना जुनेपणापेक्षा काही वेगळे हवे असते. कॉन्ड्युइट रस्त्यावरच्या ‘स्केच’मध्ये भिंतीवरची कलाकृती हीच सजावट आहे, पूर्वीचे प्रसिद्ध गुलाबी दालन २०२२ मध्ये कलाकार यिंका शोनिबारे यांच्या कामांसह सोनसळी पिवळे झाले. ‘बर्कली’ हॉटेलात नामवंत पोशाखकारांच्या नव्या कपड्यांवरून आणि पर्सवरून घडवलेले केक देतात आणि हंगाम बदलला की तेही बदलतात. मुले बरोबर असतील तर दुमजली लाल बसमध्ये बसून शहर पाहता पाहता चहा घेण्याची सोय आहे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि उभा असतो, तेव्हा आजी-आजोबांसाठी खालच्या मजल्यावरच्या जागा सांगून ठेवाव्यात.

आता खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाचे उपाहारगृह हे जगातले पहिले संग्रहालयातले उपाहारगृह मानले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या तीन खोल्या तशाच राखल्या आहेत. त्यांतल्या गॅम्बल खोलीत रंगीत चिनी मातीच्या खांबांमध्ये आणि मोठ्या गोलाकार दिव्यांखाली बसता येते, आणि शेजारच्या हिरव्या खोलीची सजावट विल्यम मॉरिस यांच्या संस्थेची आहे. आगाऊ नोंदणी लागत नाही. ट्रे घेऊन रांगेत उभे राहायचे, स्कोन, क्रीम, जॅम आणि चहाची किटली घ्यायची आणि जागा शोधायची. बड्या हॉटेलाच्या दराच्या एका लहानशा हिश्श्यात हे होते आणि संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. हेच ते संग्रहालय, जिथली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली. विद्यार्थ्यांनी, आणि पैसे राखून खर्च करणाऱ्या प्रत्येकाने, संकोच न करता येथे जावे. खोलीचे सौंदर्य कोणत्याही पंचतारांकित हॉटेलाच्या तोडीचे आहे, असे मला मनापासून वाटते. ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन इन द फील्ड्स चर्चच्या तळघरातले उपाहारगृहही माफक दराचे आहे. तिथे विटांच्या कमानींखाली बसायचे असते आणि जमिनीत जुने थडग्यांचे दगड आहेत. घरातल्या कोणाला ते अप्रशस्त वाटणार असेल तर आधीच विचारून घ्यावे.

जागा राखून ठेवताना

ठिकाण ठरले की त्या हॉटेलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच नोंदणी करावी. त्रयस्थ संकेतस्थळांवर सवलती दिसतात, पण वेळ बदलायची झाली किंवा आहाराबद्दल काही कळवायचे झाले की मध्यस्थामुळे गोंधळ होतो. रिट्झ आणि क्लॅरिजेससाठी दोन-तीन महिने आधी पाहावे, इतर मोठ्या हॉटेलांसाठी तीन-चार आठवडे, आणि आठवड्यातल्या मधल्या दिवसासाठी कधी कधी चार-पाच दिवसही पुरतात. हवी ती तारीख भरलेली दिसली तरी आशा सोडू नये. रद्द झालेल्या जागा एक-दोन दिवस आधी पुन्हा दिसू लागतात, तेव्हा रोज सकाळी एकदा पाहत राहावे.

नोंदणी करताना बहुतेक ठिकाणी बँक कार्डाचा तपशील घेतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केल्यास माणशी दंड आकारतात. मुदत चोवीस तासांची आहे की अठ्ठेचाळीस, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हिसा लांबण्याची किंवा विमान बदलण्याची शक्यता असेल तर लंडनला पोहोचल्यावर लगेचच्या दिवशीची नोंदणी मुळीच करू नये. प्रवासाचा शीण आणि वेळेतला फरक यांमुळे ती दुपार डुलक्या घेण्यातच जाते.

शाकाहारी आणि अंडे न खाणारे

आपल्या मंडळींचा सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे मांस आणि मासे नसलेले. अंडे त्यात धरलेले असते. त्यामुळे शाकाहारी चहा मागवला तरी अंडे आणि मेयोनेजचे सँडविच येईल, केकमध्ये अंडी असतील आणि स्कोनवर चमक येण्यासाठी बहुधा अंड्याचाच हात फिरवलेला असेल. नेहमीच्या, म्हणजे शाकाहारी न मागवलेल्या स्टँडवर स्मोक्ड सामन, हॅम आणि ‘कोरोनेशन चिकन’ हमखास असते. यातला शेवटचा पदार्थ १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या भोजनासाठी तयार केला गेला आणि त्यात करी पावडर असते, म्हणून सामिष खाणाऱ्यांनी तो जरूर चाखावा. त्याच स्टँडवरच्या मूस आणि जेलीसारख्या गोडात प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

अंडे अजिबात न खाणाऱ्यांसाठी सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे व्हीगन चहा मागणे. त्यात अंडे नसते, जिलेटिन नसते. मात्र दूध, लोणी आणि खरे क्लॉटेड क्रीमही नसते, आणि दुपारच्या चहाची अर्धी मजा त्या क्रीममध्ये आहे. त्यावर उपाय असा की नोंदणी करतानाच लिहावे: आम्हांला व्हीगन स्टँड द्या, पण दूध-दुभते आम्हांला चालते, तेव्हा चहाला गाईचे दूध आणि स्कोनबरोबर नेहमीचे क्लॉटेड क्रीम द्या. चांगली हॉटेले ही विनंती आनंदाने मान्य करतात.

आणखी एक आधार कायद्याचा आहे. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते आणि अंडे त्या १४ पैकी एक आहे. त्यामुळे कोणत्या पदार्थात अंडे आहे, असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ती यादी त्यांच्याकडे तयारच असते. ॲलर्जी नसताना ॲलर्जी आहे असे मात्र सांगू नये. स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळी भांडी आणि वेगळी खबरदारी घ्यावी लागते, आणि आपले कारण आहारनियमाचे आहे हे स्पष्ट सांगितले तरी तितक्याच आदराने ऐकले जाते.

जैन आहार, कांदा-लसूण न खाणे किंवा केकमधले मद्य न चालणे, हे किमान दोन दिवस आधी ईमेलने कळवावे, उत्तर आल्याची खात्री करावी आणि मेजावर बसल्यावर पुन्हा एकदा सौम्यपणे सांगावे. विशेष आहाराचे स्टँड बऱ्याच ठिकाणी आयत्या वेळी मिळत नाहीत.

पोशाख आणि पोहोचणे

रिट्झचा नियम वर सांगितलाच आहे. इतर हॉटेलांत नीटनेटका पोशाख पुरतो: इस्त्रीचा शर्ट, साधी पँट, बंद बूट. साडी किंवा सलवार-कमीज कुठेही शोभूनच दिसते, आणि पैठणी नेसण्यासाठी याहून चांगले निमित्त परदेशात क्वचित मिळेल. थंडीच्या दिवसांत वरचा जाड कोट दाराशीच ठेवून घेतात, त्यामुळे त्याची काळजी नको. रिट्झ, फोर्टनम आणि ब्राउन्स या तिन्हींसाठी ग्रीन पार्क स्थानकावर उतरावे. तिथे लिफ्ट असल्यामुळे जिने चढावे लागत नाहीत, आणि हीथ्रो विमानतळावरून येणारी पिकॅडिली मार्गिका तिथे थेट येते. दहा मिनिटे आधी पोहोचणे उत्तम; उशीर झाला तर तेवढा वेळ आपल्याच बैठकीतून वजा होतो.

मेजावर बसल्यावर

प्रथम चहाची यादी येते. घाई न करता ती वाचावी, कारण बहुतेक जण केकच्या नादात चहा कुठलातरी मागवतात आणि खरी चव हुकते. रोज दूध घातलेला कडक चहा पिणाऱ्यांनी आसाम किंवा इंग्लिश ब्रेकफास्ट घ्यावा. हे दोन्ही दूध पेलतात. आसामच्या चहाचे लंडनशी नाते जुने आहे, १० जानेवारी १८३९ रोजी त्याच्या पहिल्या आठ पेट्या याच शहरात लिलावाने विकल्या गेल्या. दार्जिलिंग, विशेषतः पहिल्या तोडणीचे, दूध न घालता प्यावे. अर्ल ग्रेला बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास असतो. त्यात हवी तर लिंबाची पातळ चकती घालावी, पण लिंबू आणि दूध एकत्र घालू नये. लॅपसांग सूशाँग हा चिनी चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो आणि त्याची धुरकट चव सगळ्यांना रुचत नाही. दोघे-तिघे असाल तर एकाने तो मागवून सर्वांनी चाखावा. चहा बदलून मागण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. सँडविचबरोबर आसाम आणि गोडाबरोबर दार्जिलिंग, असा क्रम मला स्वतःला सर्वांत आवडतो.

चहा सुट्या पानांचा असतो. किटलीबरोबर छोटी गाळणी येते. ती कपावर ठेवून ओतायचे, मग गाळणी तिच्या वाटीत परत ठेवायची. किटलीत पाने तशीच राहिली तर तिसरा कप कडवट होतो, म्हणून दुसरी, नुसत्या गरम पाण्याची किटली मागून घ्यावी आणि चहा हवा तितका पातळ करावा. दूध थंड असते आणि ते वेगळ्या भांड्यात मिळते. आपल्यासारखा उकळलेला, आले-वेलदोड्याचा चहा येथे मागू नये. त्याची ओढ अनावर झालीच तर मुंबईच्या इराणी कॅफेंच्या धर्तीवर २०१० मध्ये सुरू झालेले ‘दिशूम’ आहे, तिथे मसाला चहा पुन्हा पुन्हा भरून देतात.

खाण्याचा क्रम खालून वर. सँडविच हातानेच खायचे, काटा-चमच्याची गरज नाही. स्कोन घडी घातलेल्या कापडात गुंडाळून आले तर ते कापड लगेच उघडे टाकू नये, आतली ऊब टिकली पाहिजे. स्कोन घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मधोमध आडवे दाबले की त्याचे आपोआप दोन भाग होतात. आतल्या खडबडीत बाजूवर क्रीम आणि जॅम छान बसते. सुरीने कापले तर तो भाग गुळगुळीत होतो आणि चुराही फार पडतो. आधी क्रीम की आधी जॅम, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांचा जुना वाद आहे: डेव्हनचे लोक क्रीम आधी लावतात, कॉर्नवॉलचे जॅम आधी. लंडनमध्ये कसेही लावले तरी चालते. स्कोन गरम असेल तर जॅम आधी लावलेले बरे, म्हणजे क्रीम वितळत नाही. दोन अर्धे पुन्हा जोडून सँडविचसारखे खाऊ नयेत, एकेक अर्धा वेगळा खावा.

सँडविच आणि स्कोन संपले तर बऱ्याच हॉटेलांत पुन्हा आणून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. विचारायला लाजू नये, पण वरची थाळी शिल्लक आहे हे लक्षात ठेवून मागावे. केक उरले तर ते बांधून देण्याची विनंती करावी. छोट्या खोक्यात नीट भरून देतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

बिल

मोठ्या हॉटेलांत माणशी साधारण ७० ते १०० पौंड धरून चालावे. दरात कर धरलेला असतो, पण सेवाशुल्क वेगळे लागते आणि ते बहुधा साडेबारा टक्के किंवा थोडे अधिक असते. म्हणजे दोघांचे ८० पौंडांप्रमाणे १६० झाले तर २० पौंड सेवाशुल्क धरून १८० द्यावे लागतील. हे शुल्क ऐच्छिक असते; सेवा चांगली मिळाली असेल तर ते द्यावे, आणि ते दिल्यावर वेगळी टीप देण्याची गरज नाही. लहान मुलांसाठी कमी दराचा स्वतंत्र चहा बऱ्याच ठिकाणी असतो, पण तो यादीत शेवटच्या पानावर असल्यामुळे आधीच विचारावा.

आवडलेला चहा घरी न्यायचा असेल तर हॉटेलातून घेण्याची गरज नाही. फोर्टनमच्या तळमजल्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचे डबे मिळतात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डसाठी बनवलेले ‘रॉयल ब्लेंड’ हे मिश्रण दुधाबरोबर चांगले लागते, म्हणून मराठी घरांत भेट द्यायला तेच योग्य. थोडे चालण्याची तयारी असेल तर स्ट्रँडवर २१६ क्रमांकाचे ट्वाइनिंग्जचे दुकान गाठावे. १७०६ पासून ते त्याच जागी आहे, रुंदीला एवढेसे की समोरून येणाऱ्याला वाट द्यावी लागते, आणि आत सुटा चहा वास घेऊन, निवडून घेता येतो.